फौजदाराची हवापालट

थंडी पडायला लागली, नानासोंची मेंढरं विकली गेली आणि त्याच संध्याकाळपासून फौजदारानं अन्न सोडलं. फौजदार म्हणजे नानासोंचा कुत्रा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कडेगावात ही बातमी फिरली तेव्हा दोघं-तिघं उपोषणाला पाठिंबा द्यायला ठाण्यावर जाऊन आले.

मेंढरं विकण्यात दोष कुणाचाच नव्हता. रानात पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि उसात मेंढरू शिरलं तर ऊसवाला मेंढराला सोडतो आणि मेंढक्याला धरतो. नानासोंचे दोन्ही मुलगे आता ऊसवालेच होते. म्हणजे मार घरातूनच मिळायचा.

फौजदारापुढं काही ठेवायचं बाकी राहिलं नव्हतं. सकाळी मटणाचा रस्सा, दुपारी दूध-भाकरी, मधल्या वेळेत क्रीमची बिस्किटं. तो वास घ्यायचा, नानासोंकडं बघायचा आणि लग्नात मान न मिळालेल्या मामासारखं तोंड फिरवायचा. चार थेंब दूध आणि पाणी, एवढ्यावर गडी तगला होता. बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

नानासो घरात म्हणायचे, "जनावर हाय. जगंल न्हाईतर मरंल." पण ते स्वतः अर्धीच भाकरी खात होते आणि उरलेली अर्धी खिशात घालून फौजदारासमोरून उगीच येरझाऱ्या घालत होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजार काही नाही. मनाला लागलंय. हवापालट करून बघा." डॉक्टर बहुधा बोलायचं म्हणून बोलले असावेत. पण शिरवळच्या कारखान्यात नोकरी करणारी, नुकतीच जुनी गाडी घेतलेली नात राणी तिथं उभी होती, आणि राणीला गाडी कुठंतरी न्यायचीच होती.

"चला, महाबळेश्वरला."

"कुत्र्याला हवापालट?" नानासो म्हणाले. "आगं, मेंढरांमागं कोकणापातूर पायी जाऊन आलो मी. पर गाडीत बसवून मला कुणी बाजाराच्या पलीकडं न्हेलं न्हाई."

"मग तुमी बी चला की आबा. त्येला सोबत."

अशा रीतीनं नानासो एका कुत्र्याचे सोबती म्हणून आयुष्यातल्या पहिल्या सहलीला निघाले.

महाबळेश्वरात थंडी अशी होती, की बोललेला शब्द तोंडाबाहेर यायला नाखूश होता. नानासोंनी घोंगडं पांघरलं. फौजदाराला राणीनं आपला जुना लाल स्वेटर घातला, त्याच्या पाठीवर विणलेलं बदक होतं. जन्मभर लांडग्यांवर भुंकलेल्या फौजदारानं मान वळवून बदकाकडं एकदा बघितलं आणि पुढं डोळेच मिटून घेतले. राणीनं त्याला स्ट्रॉबेरी दाखवली, मग स्ट्रॉबेरी-क्रीम दाखवलं. शेवटी ते तिनंच खाल्लं.

"हवा पालटली," नानासो म्हणाले, "कुत्रं न्हाई पालटलं." आणि त्यांनी घोंगड्याच्या आत हात घालून भाकरीचं फडकं चाचपलं.

दिवस कलला तशी राणी दोघांना सूर्यास्ताच्या पॉइंटवर घेऊन गेली. तिथं सांगलीची एक बस आलेली होती आणि बसशेजारी वर्धमान नावाचा गृहस्थ घामाघूम होऊन शिट्टी वाजवत होता. त्या थंडीत घाम आलेला महाबळेश्वरातला तो एकटाच माणूस असेल.

"काय झालं ओ दादा?" राणीनं विचारलं.

"काय सांगू ताई! आम्ही जैन. सूर्य बुडाला की जेवत नाही. बसमध्ये दशम्या हायत, शेंगाचटणी हाय, खपली गव्हाची खीर हाय. आणि जेवणारी माणसं बघा!" त्यानं हात पसरला. माणसं लांबवर विखुरली होती. कुणी घोड्यावर, कुणी मक्याच्या कणसापाशी, कुणी दरीकडं पाठ करून फोटोत हसत होतं. "सूर्य बुडाला की सगळी उद्या सकाळपातूर उपाशी. आणि शिव्या मला. सूर्यास्ताच्या आधी जेवणाऱ्यांना सूर्यास्त बघायला कुणी आणलं, असं विचारू नका. मीच आणलं."

त्याची बायको त्रिशला बसच्या दारात डबे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "शिट्टी वाजवून माणसं येत असती तर शाळेत मास्तरांच्या शिट्टीला तुमी वेळेवर गेला नसता व्हय?"

वर्धमाननं रागानं अशी शिट्टी फुंकली, की झाडावरचं माकड खाली उतरलं.

फौजदाराचे कान उभे राहिले.

नानासोंनी ते बघितलं. किती दिवसांनी ते कान उभे राहिले होते! फौजदार समोर बघत होता. उन्हं तिरपी झालेली. माळावर विखुरलेला कळप. सगळे लोकरीत. सगळे एकाच वेळी ओरडत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. नानासोंनाही क्षणभर भास झाला.

त्यांनी काही ठरवलं नाही. दोन बोटं आपोआप तोंडात गेली आणि शीळ बाहेर पडली, एक लांब आणि दोन तुटक.

फौजदार सुटला.

पाठीवरचं बदक वाऱ्यावर उडाल्यासारखं गेलं. त्यानं आधी लांबचा वळसा घेतला, दरीकडची बाजू बांधून घेतली. भुंकला नाही, चावला नाही. नुसता टाचांमागं येऊन उभा राहायचा, आणि तो उभा राहिला की माणसाला आपण चुकीच्या जागी आहोत असं वाटायचं. कणीसवाल्याकडची मंडळी कणसासकट निघाली. एक काका घोड्यावरून उतरेनात, तर फौजदारानं घोडाच वळवला. नानासो शीळ घालत होते, डावीकडं, उजवीकडं, थांब, आण. घोंगडं कधी खांद्यावरून पडलं त्यांना कळलंही नाही. सत्तरीचा माणूस काठी वर करून पळत होता आणि राणी मागून ओरडत होती, "आवं आबा, दम लागंल!"

"लागू दे!" नानासो ओरडले.

बघता बघता कळप बसच्या दारातून आत गेला. त्रिशलानं दारातच एकेकाच्या हातात दशमी ठेवली. वर्धमाननं माणसं मोजली आणि त्याचा चेहरा पडला.

"दोन जास्त हायत."

मागच्या बाकावरून एक नवरदेव हळूच म्हणाला, "आम्ही शिरवळचे. फिरायला आलो होतो. दोनदा उतरायला बघितलं, पण कुत्रा सोडंना."

"मग जेवा," त्रिशला म्हणाली. घोडा मात्र त्याच्या मालकानं विनंती करून सोडवून नेला.

बसचं दार लागलं. समोर सूर्य अजून पुरता हातभर वर होता आणि आत खीर वाढली जात होती. कुणीतरी ओरडलं, "वर्धमानअण्णांचा विजय असो!" आणि वर्धमाननं लाजून शिट्टी खिशात घातली.

फौजदार बंद दारासमोर बसला. एकदा दाराकडं बघितलं. मग मान वळवून नानासोंकडं बघितलं, सरळ, हक्कानं.

ही नजर नानासोंच्या ओळखीची होती. रोज संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडून झाली, शेवटचा खुंटा ठोकला, की फौजदार असाच बसायचा. तेव्हाच त्याला भाकरी मिळायची. त्याच्या आधी कधीच नाही. पिल्लू असल्यापासूनची शिस्त. आणि ती नानासोंनीच लावली होती.

"आरं तिच्या!" नानासो मटकन खाली बसले. "राणे, हे उपाशी नव्हतं गं. हे ड्युटीवर हुतं! कळप कोंडल्याबिगर ह्यो खाईल कसा? आन् मी येडा सकाळी रस्सा पाजतोय!"

त्यांनी खिशातलं भाकरीचं फडकं सोडलं. ज्वारीची शिळी अर्धी भाकरी फौजदारानं दोन घासांत संपवली आणि पुन्हा हक्कानं बघितलं. राणीनं बसच्या खिडकीतून दशम्या मागून आणल्या. त्याही गेल्या. ती हसत होती आणि स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत होती.

तेवढ्यात सूर्य बुडाला. तो कुणीच बघितला नाही.

आता कडेगावात दिवस कलला की नानासो शीळ घालतात. एक मुलगा पारावर असतो, दुसरा विहिरीवरच्या मोटारीपाशी, सुना, पोरं, कोंबड्या, सगळे जिकडंतिकडं. फौजदार वळसा घेतो. सगळे घराच्या पुढच्या सोप्यात आले, कडी लागली, की भाकरी. कित्येक वर्षांत एका पंगतीत न बसलेलं घर आता रोज बसतं, कारण उठून जायची कुणाची टाप नाही.

गेल्या महिन्यात गावच्या ग्रामसभेला माणसं जमेनात, तेव्हा सरपंच स्वतः फौजदाराला मागायला नानासोंकडं आले.

"न्हेतो म्हणता? न्ह्या," नानासो म्हणाले. "फकस्त दार लावल्यावर भाकरी द्यायची. आन् बदकाचा स्वेटर घाला. त्येच्याबिगर आता त्यो कामावर जात न्हाई."

सभा खचाखच भरली. त्यात शेजारच्या गावचेही सात जण निघाले.