गडबड नाही

फोन आला तेव्हा क्षमाचे दोन्ही हात कणकेत होते. तिने मनगटांनीच रिसीव्हर उचलला आणि मान वाकडी करून खांद्यात धरला.

"ताई, मी पद्माकर. साइटजवळच्या बेकरीतून बोलतोय." मागे बस गुरगुरत होती. "मालकांनी आजच खालच्या दुकानाची पूजा ठेवलीय. मंडप घालायचाय आणि बाल्कनीखालचे टेकू मध्ये येतायत. आत्ताच काढा म्हणून मागे लागलेत. काढू का?"

"गडबड नाही," क्षमा म्हणाली.

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला. तेवढ्यात नाण्याचा फोन टुक टुक करून बंद पडला.

क्षमा पुन्हा कणकेकडे वळली. मुलगा शहाणा आहे, तिच्या मनात आलं. विचारतो तरी. नाहीतर सगळं करून झाल्यावर हात जोडून उभे राहणारेच फार.

ती बेंगळूर शहराच्या बांधकाम-परवाना कचेरीत सहायक अभियंता होती. मंजूर नकाशा आणि टेप घेऊन जायचं, कागदावर काय आहे आणि जमिनीवर काय उभं राहिलंय ते ताडून बघायचं, हे तिचं काम. कोरमंगलातल्या कृष्णमूर्तींच्या इमारतीत फार ताडायची गरजच पडली नव्हती. नकाशात पहिल्या मजल्याची बाल्कनी जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी होती. प्रत्यक्षात ती जवळजवळ दुप्पट लांब, जीभ काढल्यासारखी रस्त्यावर आलेली. स्लॅब आधीच ओतून झाला होता. क्षमाने काम थांबवायची नोटीस बजावली. नोटीस बघून साइटवरचा आधीचा इंजिनियर जो गेला तो परत आला नाही, आणि त्याच्या जागी आला पुण्याचा पद्माकर. साइटवर कानडी, तमिळ, तेलुगूच्या गदारोळात भांबावलेला. क्षमाने त्याला मराठीत हाक मारली तेव्हा त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "अडलं तर घरी फोन करा," ती म्हणाली होती.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नव्हती. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला एका सळईचं टोक उघडं राहिलं होतं, आणि ते खालच्या अंगाला होतं. दोन्हीकडे भिंतींवर टेकलेल्या स्लॅबच्या पोटात ताण येतो, म्हणून तिथे सळया खाली घालतात. एकाच बाजूने भिंतीत रोवलेल्या बाल्कनीचं उलटं असतं. तिचा ताण पाठीवर, म्हणून सळया वर हव्यात. ओतताना मजूर सळयांवरून चालले आणि त्या खाली दबल्या, तर बाल्कनी दिसायला बाल्कनीच दिसते. टेकू आहेत तोवर.

पण एका टोकावरून सगळ्या सळयांबद्दल काय बोलायचं? कॉलेजात फिजिक्सच्या बाईंनी एक सवय लावली होती, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. सोमवारी जाऊन वरचं काँक्रीट थोडं छिलून बघू, मग सांगू, असं तिने ठरवलं होतं. टेकू आहेत तोवर घाई कसली?

"वन्सं," शुभदाने ओट्यापाशी उभं राहून विचारलं, "कुकर उघडू का?"

शुभदा तिच्या भावाची बायको. लग्न होऊन पुण्याहून येऊन तिला थोडेच दिवस झाले होते.

"गडबड नाही," क्षमा म्हणाली, आणि पोळपाट ओढून घेतला.

पुढच्या क्षणी स्वयंपाकघरात फुस्सकन आवाज झाला. शुभदाने चमच्याने शिट्टी उचलली होती. वाफेबरोबर डाळीचं पिवळं कारंजं छताला भिडलं. शुभदा किंचाळून मागे सरली.

"काय झालं?" बाहेरून क्षमाच्या वडिलांचा, अण्णांचा, आवाज आला. "आज डाळीचा सारु छतावर वाढलाय की काय?"

क्षमाने शुभदाचा हात नळाखाली धरला. लाल झाला होता, फोड नव्हता. "अगं, गडबड नाही म्हटलं ना मी!"

"म्हणूनच तर उघडला!" शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी विचारलं उघडू का, तुम्ही म्हणालात गडबड नाही. म्हणजे काही बिघडत नाही, उघड."

"गडबड नाही म्हणजे घाई नाही. राहू दे, निवू दे."

"आमच्याकडे नाही हं असं म्हणत!"

नळ वाहत राहिला. क्षमाने शुभदाचा हात सोडला होता, पण तिचा स्वतःचा हात तसाच पाण्याखाली होता.

या घराण्याला बेंगळुरात तीनशे वर्षं झाली होती. मराठी घरात टिकली होती, पण दाराबाहेरच्या कानडीने तिला आतून रंग दिला होता. कानडीत गडिबिडी म्हणजे घाई, म्हणून यांच्या घरातही गडबड म्हणजे फक्त घाई. कोणी 'करू का' विचारलं आणि 'गडबड नाही' म्हटलं, की विचारणारा हात मागे घेई. शुभदाच्या पुण्यात तोच हात पुढे जात होता.

आणि पद्माकरही पुण्याचा.

बरं झालं विचारलं.

"अण्णा, स्कूटरची किल्ली!" क्षमा ओरडली. या घरात ती ओरडलेली कोणी ऐकली नव्हती. अण्णांनी काही न विचारता किल्ली पुढे केली.

साइटवर फोन नव्हता. बेकरीचा नंबर तिच्याकडे नव्हता. जाणं एवढंच उरलं होतं. बसवनगुडीच्या झाडांखालून तिने स्कूटर काढली, लालबागेच्या भिंतीला धरून विल्सन गार्डनकडे वळवली. रविवार असल्याने रस्ता मोकळा होता आणि त्याचाच तिला राग येत होता. एखादा सिग्नल लागला असता तर दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं. हँडलवर दुसऱ्या हाताची कणकेची बोटं वाळत होती.

आडुगोडीच्या पुढे एका बैलगाडीमागे तिला थांबावं लागलं, तेव्हा तिने मनात गणित मांडून पाहिलं. टेकू काढायचा नियम काय? बाहेरच्या कडेकडून भिंतीकडे यायचं. पद्माकर नीट शिकलेला आहे, तो नियमानेच काढेल. आधी बाहेरची रांग. म्हणजे आधी तीच रांग जाईल, जिच्यावर बाल्कनीचा सगळा जीव आहे. मुलाला येत नसतं तर बरं झालं असतं.

कोपऱ्यावर वळतानाच तिला ते दिसलं. बाहेरची रांग काढून टेकू भिंतीशी नीट रचून ठेवले होते. भिंतीजवळची एकच रांग उरली होती आणि मेस्त्री नरसिंह तिच्याखाली बसून पाचरीवर हातोडा उगारत होता. बाल्कनीखाली मंडप लागला होता, आंब्याची पानं, खुर्च्या, दहा-बारा माणसं. दुकानाच्या दाराला लागून, नेमकी बाल्कनीखाली, एक म्हातारी बाई दिव्याशेजारी खुर्चीत बसली होती. कृष्णमूर्तींची आई, अनुसूयम्मा.

क्षमाने स्कूटर आडवी टाकली. आणि मग तिने बाल्कनीची बाजू पाहिली.

टेकूंच्या वरच, काँक्रीटच्या अंगावर, एक केसाएवढी चीर होती. ती वरून सुरू होऊन खाली उतरत होती. गेल्या वेळी ती तिथे नव्हती.

"निल्लिसी!" ती कानडीत ओरडली. थांबा! "नरसिंह, हातोडा खाली ठेव. ठोकू नकोस. हळूच बाहेर ये."

नरसिंहने वर पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हातोडा जमिनीवर ठेवून सरपटत बाहेर आला. बाकीचे मात्र जागच्या जागी वळून बघत राहिले. रेशमी सोवळं नेसलेले कृष्णमूर्ती पुढे आले.

"मॅडम, रविवारीसुद्धा? बसा, प्रसाद घेऊन जा."

"सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे न्या. आत्ता. बाल्कनी धरणार नाही."

"ही काय नवी नोटीस?" ते हसले, पण आवाज चढला. "मुहूर्त टळतोय. आणि टेकू तुमच्याच परवानगीने काढलेत. विचारा तुमच्या या मराठी इंजिनियरला."

पद्माकर मंडपाच्या खांबापाशी उभा होता. हातात टेप, शर्टावर सिमेंट. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. "मॅडम, मी विचारलं होतं फोनवर. तुम्ही म्हणालात, गडबड नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या जिभेवर आलं होतं, मी तसं म्हणाले नव्हते. ते खरंही होतं. पण ते पटवून देईपर्यंत माणसं तिथेच उभी राहिली असती. वरून पुडीतून सांडावी तशी चिमूटभर धूळ मंडपाच्या कापडावर पडली. तिला ती दिसली. बाकी कोणाला दिसली नाही.

"हो, म्हणाले," ती म्हणाली. "चूक माझ्या शब्दाची. ते नंतर बोलू. आत्ता गडबड आहे, पद्माकर. तुमची आणि माझी, दोन्ही."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण कळलं. त्याने वळून, मोडक्या कानडीत, घसा फुटेल असा आवाज काढला, "होगी! रोडिगे होगी!" जा, रस्त्यावर जा! खुर्च्या पडल्या. पुरोहित ताम्हन घेऊन धावला, बायकांनी पदर खोचले, नरसिंहने दोघा मजुरांना दंडाला धरून ओढलं. कृष्णमूर्ती दोन पावलं मागे सरले आणि तिथेच थांबले. "अम्मा!"

अनुसूयम्मा जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांना ऐकू कमी येत असे. दिव्याची वात त्या काडीने सरकवत होत्या.

क्षमा उरलेल्या टेकूंच्या रांगेतून आत वाकली. कोणताही टेकू खांद्याला लागता कामा नये. तिच्या डोक्यावर काँक्रीटमध्ये बारीक कट् कट् चाललं होतं, थंडीत कोणी बोटं मोडावीत तसं. तिने म्हातारीचा हात धरला.

"अम्मा, बन्नी. चला माझ्याबरोबर."

अनुसूयम्मांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि प्रसन्न हसल्या. "याके गडिबिडी?" त्या म्हणाल्या. घाई कसली एवढी?

क्षमाने दोन्ही हातांनी त्यांना उठवलं. म्हातारीचे गुडघे सरळ व्हायला वेळ लागत होता आणि त्यांना ओढणं शक्य नव्हतं. तोल गेला असता तर त्या टेकूवरच गेल्या असत्या. एक पाऊल. मग थांबणं. "दीपा," म्हातारी मागे वळून म्हणाली, दिवा राहिला. "असू दे अम्मा, तो जळतोय." आणखी एक पाऊल. रांगेच्या बाहेर पद्माकर येऊन उभा होता, बाल्कनीच्या उघड्या भागाखाली. तिने त्याला हातानेच मागे हो म्हणून खुणावलं. तो हलला नाही. दोघांच्या मधून म्हातारी मंडपाबाहेर आली, गटाराच्या फरशीवरून पलीकडे गेली, आणि कृष्णमूर्तींनी तिला लहान मुलासारखं उचलून घेतलं.

ते रस्त्याच्या मध्यावर असताना मागे आवाज झाला. फार मोठा नव्हता. जाड फळी मोडावी तेवढाच. टेकूंच्या पुढचा बाल्कनीचा भाग मान टाकल्यासारखा खाली झुकला, क्षणभर तसाच लोंबला, आणि मंडप, खुर्च्या, आंब्याची पानं घेऊन जमिनीवर बसला.

धूळ खाली यायला वेळ लागला. मग एका बाईला रडू फुटलं, मग सगळेच एकदम बोलायला लागले.

मोडलेल्या तोंडावर सळया उघड्या पडल्या होत्या. सगळ्या एका ओळीत, तळाला. छिलून बघायची गरज उरली नव्हती.

कृष्णमूर्ती फुटपाथच्या कडेवर आईशेजारी बसले होते. त्यांनी पद्माकरकडे बोट केलं. "नवीन पोरगा. त्याला साधं विचारायचं कळलं नाही."

"त्याने विचारलं," क्षमा म्हणाली. "उत्तर मी अर्धवट दिलं. आणि मला शंका होती, ती मी त्याला सांगितली नाही. हे दोन्ही मी उद्या कचेरीत सांगणार आहे. बाल्कनी कोणी वाढवली, तेही."

त्यांनी बोट खाली घेतलं. अनुसूयम्मांनी आपल्या पदराने क्षमाच्या बोटांवरची वाळलेली कणीक पुसायला घेतली आणि ती निघेना तेव्हा हात तसाच धरून ठेवला.

"ताई," पद्माकर हळूच म्हणाला. "तुमच्या घरी गडबड म्हणजे काय?"

"घाई."

तो त्या टेकूंकडे वळला. भिंतीजवळची रांग अजून उभी होती, आणि तिच्यावर बाल्कनीचा उरलेला तुकडा. आत, दुकानाच्या दारात, दिवा अजून तेवत होता.

नरसिंह हात झटकत जवळ आला. त्याने टेकूंकडे मान उडवली आणि कानडीत विचारलं, हे राहिलेले काढायचे का?

क्षमाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"काढायचे नाहीत," ती मराठीत म्हणाली. "तेगीबेडी," कानडीत म्हणाली. "बाहेरून नवे टेकू लावायचे, आणि मी येऊन बघेपर्यंत कोणी आत जायचं नाही."

"सरी, मॅडम," नरसिंह म्हणाला, ठीक आहे.

"सरी नको. मी काय सांगितलं ते म्हणून दाखव."

नरसिंहने म्हणून दाखवलं. मग तिने पद्माकरकडे पाहिलं.

"काढायचे नाहीत," तो म्हणाला. "नवे लावायचे. तुम्ही येईपर्यंत आत कोणी जायचं नाही."

"पुन्हा," क्षमा म्हणाली.