एका भिंगाचे चार टॅग

घनसावंगीत दुपारी लाइट असली, की धर्मराजच्या कॉम्प्युटर क्लासात पंखा घरघरायचा आणि धर्मराजला गुंगी यायची. दोन हजार पाचचा उन्हाळा होता. त्याच्याकडे सीड्यांवर हजारो फुकट प्रोग्रॅम होते, जगभरच्या लोकांनी हौसेनं केलेले. पण नावं अशी, की देवाला तरी कळावीत का! म्हणून तो एकेक उघडून बघायचा आणि त्याला कामाचा टॅग लावायचा: हिशोब, गाणी, चित्र, खेळ. मग टॅग टाकला, की प्रोग्रॅम सापडायचा. एकाला एकच टॅग. घरच्या गोठ्यात प्रत्येक जनावराचा खुंटा ठरलेला असतो ना, तसं.

त्याला पहिलीत शिकवणाऱ्या दुर्गाबाईंनी याच क्लासात बसून आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या टाइप केल्या होत्या. आता त्यांचे डोळे विझत चालले होते. चष्म्यानं भागत नव्हतं, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"मी वाचून दाखवतो ना, बाई," धर्मराज म्हणाला.

"तुझ्या आवाजात माय कशी दिसंल रे मला? एकदा माझ्या डोळ्यानं वाचू दे. मंग जाऊ दे डोळे."

याच बाईंनी त्याचा हात धरून 'अ' गिरवून घेतला होता. अक्षरं मोठी करणारा एखादा प्रोग्रॅम असेल म्हणून धर्मराजनं टॅग टाकून पाहिले: अक्षर, नजर, डोळे. काहीच आलं नाही.

"न्हाई सापडून राह्यलं, बाई."

"एकाच नावानं हाका मारतोस का काय?" बाई डोळे मिटून हसल्या. "मला शाळेत बाई म्हणतात, माहेरी ताई, घरी माय. जो तो आपल्या नावानं हाक मारतो, मी सगळ्यांलाच ओ देते."

पंखा फिरत राहिला. धर्मराजचा डोळा लागला. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात सगळे प्रोग्रॅम तोंडावर उपरणं घेऊन ओळीनं बसले होते. तो 'नजर, नजर' करत फिरला, कुणी मान वर केली नाही. लांब, पोरांच्या घोळक्यात, एकाच्या हातात काहीतरी चकाकत होतं.

तो दचकून जागा झाला. स्क्रीनवरच्या चित्रातल्या वाघाच्या मिशा मोठ्या करून बघत पोरं खिदळायची, तो प्रोग्रॅम! त्यानंच त्याला 'खेळ' टॅग लावला होता. भिंग होतं ते, आणि आपण त्याला पोरांत बसवून आलो. त्याची त्यालाच लाज वाटली.

त्यानं टॅग जोडले: नजर कमी, मोठं अक्षर, वाचन. "आता हुडका, बाई," म्हणत कीबोर्ड पुढं केला. बाईंनी चाचपत 'नजर' टाइप केलं. भिंग आलं.

ओव्यांवरून माउस सरकू लागला. एकेक अक्षर घागरीएवढं होऊन समोर येत होतं. बाई ओठ हलवत वाचत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. जात्याचा खुंटा धरलेल्या आईच्या ओवीपाशी पोचल्या, तशा थांबल्या. मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या, पुन्हा मागं.

"पहिला 'खेळ' टॅग काढून टाकतो, बाई. चुकलाच होता तो."

"राहू दे," माउस न सोडता दुर्गाबाई म्हणाल्या. "मी खेळूनच राह्यले."