शून्य लिहिलेल्या पुड्या

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा आहे. वजन सांगायचे, एवढेच माझे काम. ते इमानेइतबारे करूनही माझ्यावर एकदा बालंट आले. ते कसे, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही.

कारखान्यातून मी एका घड्याळजींच्या घरी आलो. पहिली वर्षे केकचे पीठ मोजण्यात मजेत गेली. मग घड्याळजींना मधुमेह झाला, वर मोतीबिंदूही. "साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही," असे डॉक्टरांनी बजावले. डोळ्यांवाचून घड्याळजी काम कसे करणार? त्यांच्या लेकीने कंबर कसली. पानातले सगळे आधी माझ्यावर ठेवायचे, त्यातल्या कर्बोदकांतून न पचणारे तंतू वजा करायचे, उरेल ते 'नेट कार्ब्स' म्हणून वहीत लिहायचे. ही वजाबाकी माझ्या डोक्यावरून जाई. मी तर अख्खा बटाटा तोलत होतो!

दोन महिने गेले. वही चोख, पण साखर जागची हलेना.

"बाबा, चोरून गोड खाता ना? खरं सांगा."

"अगं, शपथेवर सांगतो, नाही खात."

"मग हा काटा तरी बिघडलाय."

खोटे कोण, घड्याळजी की मी? मला माझाच भरवसा वाटेना.

शेवटी लेकीने मला तपासायचे ठरवले. चहात घालायच्या बिनसाखरेच्या गोड पुड्यांवर 'एक ग्रॅम' छापले होते. तिने दहा पुड्या वाटीत रिकाम्या केल्या. वाटीचे वजन सोडून मी दहा ग्रॅम दाखवले. मी बरोबर होतो! पण ती वाटीतल्या पांढऱ्या ढिगाकडे बघतच राहिली. मग तिने खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली. गोडी चिमूटभर, बाकी सगळी भरीची पूड, आणि ती कर्बोदकांचीच. एका पुडीत इतकी थोडी, की वर 'कर्बोदके शून्य' छापलेले.

"बाबा, दिवसाला किती पुड्या घेता?"

"चौदा-पंधरा. तूच म्हणालीस ना, त्याचं काही धरायचं नाही."

लेकीला मान वर करवेना.

पुड्या बंद झाल्या, साखर उतरू लागली, शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. पंधरा शून्यांचे वजन कसे भरते, हे कोडे मला काही सुटत नाही. मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, वेळेवर सेल बदला, एवढे पुरे. पण घरच्या माणसावर संशय घेण्याआधी, जे मोजायचे राहिले आहे ते एकदा माझ्यावर ठेवून बघा. माझ्यावरचा आळ दहा ग्रॅमने फिटला. घड्याळजी मात्र अजूनही चहाचा घोट घेण्याआधी कप लेकीला दाखवतात.