दोन कौल, एक टिपर

जॅकचा दांडा सुदेशच्या उजव्या मनगटावर बसला आणि करवंटी फुटावी तसा आवाज झाला. सुदेश ओरडला नाही. मटकन खाली बसला, लोंबता हात मांडीवर घेतला आणि थोरल्या भावाकडे बघत राहिला. त्या भावाचं, गोकुळदासचं, कानशील फुटलं होतं. थोड्या वेळापूर्वीच सुदेशने लाकडी स्टूल त्याच्या डोक्यात घातलं होतं. पडवीभर प्रिंटरचे तुकडे पडले होते. दांड्याचा पहिला घाव चुकून त्याच्यावर गेला होता. कंप्युटर तेवढा शाबूत राहिला, देवीची कृपा.

आणि हे सगळं एका ब्राउजरपायी. हसू नका, आधी ऐका.

सुर्ल्यात, आमच्या खाणींच्या गावात, या दोघा भावांचा मिळून एक टिपर. कागदावर गोकुळदास मालक, चालवायला सुदेश. खाणी बंद होत्या तितकी वर्षं टिपर माडांखाली गंजत उभा होता. आता खनिजाची वाहतूक पुन्हा सुरू व्हायची होती आणि ट्रकवाल्यांच्या संघटनेने नोंदणी कंप्युटरवरून ठेवली होती. आज संध्याकाळी सहाला ती बंद. जो राहील त्याने पावसाळा सरेपर्यंत गाडीला हार घालून बसावं.

नोंदणी काही होत नव्हती. सगळी माहिती भरायची, खालचं बटण दाबायचं, की पान ढिम्म. खरं तर तिथे एक छोटी खिडकी उघडायला हवी होती आणि सुदेशच्या मोबाइलवर नंबर यायला हवा होता. खिडकीच उघडेना.

"हो ब्राउजर बदलूया," सुदेश म्हणायचा. "फायरफॉक्स घालतंय."

"सगळो गाव क्रोमार आसा. तू मोठो शाणो!"

आमच्याकडे असं अडलं की देवीला कौल लावून विचारतात. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं. गुरव ओल्या कळ्या मूर्तीला लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. गोकुळदास तर देवळातला माणूस. दर सोमवारी कीर्तनाला पेटी धरायचा. गेल्याच सोमवारी बुवांनी उत्तररंगात दोन भावांच्या वैराचं आख्यान लावलं, तेव्हा त्याचे डोळे भरून सूर चुकला होता. तो सकाळीच गुरवाकडे गेला.

"सखाराम, देवीक विचार. क्रोम ठेवू?"

"कोण रे तो? पावणो?"

"कंप्युटरातलो आसा. तू विचार."

सखारामने विचारलं. उजवी पडली.

प्रसाद घेऊन, देवळात दुपारची आरती करून तो घरी आला, तर क्रोम जागेवर नाही. त्यात भरून ठेवलेली सगळी माहितीही गेलेली. सुदेश नव्या ब्राउजरमध्ये पहिल्यापासून भरत बसलेला.

"कोणाक विचारून काडलंस?"

"देवीक," सुदेश म्हणाला. "काल कौल लावलंय. फायरफॉक्स घालू म्हणान विचारलंय, उजवी दिली."

गोकुळदासला ब्राउजर दिसेनासा झाला. घराचा कौल घरातल्या थोरल्यानेच घ्यायचा असतो. धाकट्याने आपल्या नावाने कळ्या लावल्या म्हणजे त्याने चूल वेगळी मांडली, तीही देवीसमोर.

"कोणाच्या नावान लावलंस?"

"माझ्या. गाडी कोण चालवता? मी. मग माझ्या नावान लावलंय तर काय झाला?"

"वेगळो झालंस तू! भायर हो माझ्या घरातसून!"

"घर तुझ्या बापाचा?"

"तुझोय तोच बापूस, मेल्या!"

गोकुळदासने त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीवरून ओढलं. सुदेशने स्टूल उचललं. मग दाराआडचा दांडा आला. गोकुळदासची बायको विमला चुलीवरचं तसंच टाकून धावली, पण तोवर मनगट गेलं होतं.

"देवळात पेटी वाजयतास ना हो ह्याच हातान?" ती एवढंच म्हणाली. मग नवऱ्याच्या हातातून दांडा हिसकावून तिने अंगणात फेकला. "चला, शेजाऱ्याची गाडी काडा. तेका डिचोलीक न्हेया. मी हय कंप्युटरार बसतंय."

डिचोलीच्या इस्पितळात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. गोकुळदासने तोंड उघडायच्या आत सुदेश म्हणाला, "भावान मारलो. दांड्यान. लिहा तसाच." डॉक्टरने लिहिलं आणि पोलिसांना कळवलं. हाडं दोन ठिकाणी मोडली होती. गोकुळदासच्या कानशिलाला टाके पडले, त्या वेळी तो दातसुद्धा आवळेना. आपल्याला लागतंय हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं.

प्लॅस्टर ओलं होतं तेव्हा विमलाचा फोन आला. सहाला थोडाच वेळ होता.

"आयकलात? खिडकी उघडली! वर एक बारीक पट्टी येता, खिडकी अडवली म्हणान. तिका परवानगी दिली की झाला. क्रोमय परत घालून बघलंय, थयय तसाच. दोनूय चलतत! सुदेशाच्या फोनार नंबर इलो काय विचारा. बेगीन!"

सुदेशच्या खिशात फोन वाजला होता. डाव्या हाताने त्याने तो काढला, पाहिला आणि छातीवर पालथा ठेवला.

"सांग," गोकुळदास म्हणाला.

"आदी तू सांग. माझो कौल खोटो?"

खोटा म्हटलं तर देवी खोटी. खरा म्हटलं तर घर फुटलं. भिंतीवरचा काटा सरकत होता आणि फोनवर विमला "हॅलो, हॅलो" करत होती.

"खरो," गोकुळदास शेवटी म्हणाला. "माझोय खरो. मी विचारलंय क्रोम ठेवू, तर 'होय'. तू विचारलंस फायरफॉक्स घालू, तर 'होय'. दोनूय चलत होते ते. देवीन खरा तेच सांगला. मी तुझो हात मोडलंय तो..."

सुदेशने फोन उलटा केला आणि एकेक आकडा वाचला, भावाकडे न बघता. गोकुळदासने तो विमलाला सांगितला.

"घेतलो!" तिकडून विमला म्हणाली. "आता ड्रायव्हराचा नाव विचारता. शिरगावच्या गौरेशाचा घालू? तो मोकळो आसा. तेका परवाना आसा."

गोकुळदासने प्लॅस्टरकडे पाहिलं. महिना-दीड महिना तरी हा हात स्टिअरिंगला लागणार नव्हता.

"सुदेशाचा घाल."

"अहो, मग फेऱ्यो कोण मारतलो?"

"तो बरो होयसर गाडी उबी रवतली. घाल तू."

तिकडून बटण दाबल्याचा टक आवाज आला. "झाला," ती म्हणाली.

सुदेशने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माका उपकार नको तुझे," तो भिंतीला म्हणाला.

तेवढ्यात दारात हवालदार उभा राहिला. हातातला कागद बघत त्याने विचारलं, "ह्याका कोणी मारलो?"

सुदेश मान वळवून काही म्हणणार होता.

त्याच्या आधीच गोकुळदास उठला. "मी मारलंय," तो म्हणाला आणि चपला घालून हवालदाराबरोबर बाहेर पडला.