कुमुदताईंची खिरापत

हस्ताचा शेवटचा पाऊस पडून गेला, आणि कृष्णाकाठचे आकाश निळीत बुडवून काढल्यासारखे झाले.

आश्विनातले ऊन ते. वैशाखासारखे दाहक नव्हे, मार्गशीर्षासारखे लाजरे नव्हे. हळदीच्या रुंद पानांवरून ते घरंगळत आले, बांधावरच्या शुभ्र तुऱ्यांत क्षणभर अडकले, आणि वाईपलीकडच्या त्या वृद्धाश्रमाच्या अंगणात, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर, माणसांच्या आधी येऊन बसले.

आज हादगा होता.

मग बायका आल्या. शुभ्रकेशा, मंदपावली, क्षीणदृष्टी बायका. कुणी काठीवर भार टाकून, कुणी वॉकर सरकवीत, कुणी दुसरीच्या खांद्यावर हात ठेवून. विरळ अंबाड्यांत शेवंती होती. जरीचे काठ पेटीतून बऱ्याच दिवसांनी बाहेर आले होते, आणि त्यांच्याबरोबर कापराचा वास आला होता.

हादग्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा असतो. पण इथे गुडघे फेर धरायला तयार नव्हते. म्हणून ऑफिसातले फिरते स्टूल अंगणात यायचे, त्यावर पाट, पाटावर खडूने रेखलेला हत्ती. आणि बायका जागच्या जागी बसून गात असताना हत्तीच त्यांच्यापुढून फिरायचा. मंद, डौलदार, एकेकीला सोंड दाखवीत.

ही युक्ती कुमुदताईंची. गेल्या वर्षीची.

कुमुदताई या श्रावणात गेल्या.

आज त्यांची लेक आली होती. मृदुला. पुण्याहून, एकटी. त्यांच्या पाळीची खिरापत द्यायला.

तिच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. वर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा खोका, वाटेत वाईला घेतलेला. खाली, टॉवेलात गुंडाळलेली, काचेची बरणी.

बरणीत मुरांबा होता. वैशाखात कुमुदताई लेकीकडे राहायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी तो केला होता. दुपारच्या तापल्या स्वयंपाकघरात कैऱ्या सोलल्या होत्या, फोडी पारदर्शक होईपर्यंत पाकापाशी उभ्या राहिल्या होत्या. मग झाकण घट्ट लावून म्हणाल्या होत्या, “याला हात लावू नकोस हं. हा माझ्या हादग्याचा.”

मृदुलाने हात लावला नव्हता. आईने केलेले मेतकूट संपले. लिंबाचे लोणचे संपले. भाजणीचा डबा तळापर्यंत खरवडून झाला. आईच्या हातचे या जगात एवढेच उरले होते: एक बरणी, तीत थांबलेला मधुवर्णी वैशाख. तो उघडला की संपणार. म्हणून तिने वाटेत पेढे घेतले. पेढे वाटू, बरणी परत नेऊ, असे तिने ठरवले होते. आणि तरीही निघताना बरणी पिशवीत घातली होती.

गाणी सुरू झाली. कातर आवाज, तुटके सूर. सासरच्या तक्रारींची गाणी, ज्यांच्या सासरची घरे केव्हाच पडून गेली त्या बायकांच्या तोंडी. माहेरच्या वाटेची गाणी, ज्यांना माहेरी आता कुणी ओळखणार नाही त्यांच्या तोंडी. एकीला कडवे आठवेना, तेव्हा दुसरीने ते उचलले. दुसरीचा श्वास संपला, तेव्हा तिसरीने. हत्ती फिरत राहिला. ऊन फिरत राहिले.

गाणी संपली. आता खिरापत, झाकलेली, न सांगितलेली, ओळखल्याखेरीज न उघडायची.

मृदुलाने वरचा खोका काढला. द्वारकाकाकूंनी तो कानाशी धरून एकदाच हलवला. खिरापत ओळखण्यात त्यांचा हात धरणारे तिथे कुणी नव्हते.

“पेढे,” त्या म्हणाल्या. “आणि कंदी.”

बायका हसल्या. द्वारकाकाकू मात्र हसल्या नाहीत. खोका मांडीवर तसाच राहिला.

“इतकी सोपी खिरापत कुमुदनं आणली नसती बाई. उन्हाळ्यात परत आली तेव्हाच मला चिडवलंन, ‘यंदा तुझी जिरवते, द्वारका. बघच तू.’ आणि गेली! आता काय आणणार होती, ते मला कोण सांगणार?”

हत्तीची सोंड मृदुलासमोर येऊन थांबली होती.

कुणालाच बरणी ठाऊक नव्हती. ती गप्प राहिली असती, तर गप्प राहणे हे दुःखासारखेच दिसले असते. कुणी काही विचारले नसते. तिचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला, थांबला. आत गेला, थांबला. टॉवेलाखालची काच उन्हाने किंचित कोमट झाली होती, जिवंत त्वचेसारखी कोमट.

तिने बरणी, टॉवेलासकट, द्वारकाकाकूंच्या ओंजळीत ठेवली.

“आईनं हे आणलं असतं,” ती म्हणाली. “तिनंच केलंय.”

काकूंनी बरणी हलवली. पुन्हा हलवली. कान लावला.

“हे वाजतच नाही गं!”

मग बरणी हातोहात फिरली. सुरकुतल्या बोटांतून, थरथरत्या बोटांतून, बांगड्या सैल झालेल्या हातांतून. प्रत्येकीने ती तान्ह्या मुलासारखी तोलली.

“शिरा?”

“श्रीखंड!”

“गुलकंद असेल.”

“च्यवनप्राश,” कुमुदताईंच्या खोलीतल्या इंदूमावशी म्हणाल्या.

“अगं, खिरापत आहे की काढा?” द्वारकाकाकू कडाडल्या, आणि हसू अंगणभर सांडले.

दिवाळीचे जिन्नस झाले, उपासाचे झाले, नैवेद्याचे झाले. पण झेंडू-शेवंतीच्या त्या दिवसांत, नव्या ज्वारीच्या त्या दिवसांत, कैरीचे नाव कुणाच्या ओठी येणार? कुमुदताईंनी एक ऋतू दुसऱ्या ऋतूत लपवून ठेवला होता.

शेवटी बरणी पुन्हा द्वारकाकाकूंच्या मांडीवर आली. त्यांनी टॉवेलावरून तळवा फिरवला. ओळखीचा काही उंचवटा हाताला लागतो का, असे चाचपले. मग चष्मा काढला.

“हरले गं, कुमुद,” त्या म्हणाल्या. मोठ्याने, स्वच्छ, गोलातल्या कुमुदताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत. “हरले बाई.”

आणि एकेक करून सगळ्या म्हणाल्या. हरलो. हरलो गं. हरलो.

मृदुलाने टॉवेल सोडला. झाकण फिरवले. वेलदोड्याचा, केशराचा, कोवळ्या आंब्याच्या आंबट देठाचा वास अंगणात उभा राहिला, आणि म्हाताऱ्या माना फुलासारख्या वळल्या.

तिने स्वतः वाढले. वाटीवाटीत एकेक चमचा, पारदर्शक फोड, तेजाळ पाक. दात नसलेल्या हिरड्यांनी फोडी चघळल्या. कुणी डोळे मिटले. इंदूमावशींनी साखरेच्या आजाराकडे सरळ पाठ फिरवली. द्वारकाकाकूंनी वाटी बोटाने पुसली, बोट चोखले, आणि पराभव इतका गोड असतो हे कबूल न करता वाटी पुन्हा पुढे केली.

चमचा तळाला लागला. बरणी संपली.

मृदुलासाठी काही उरले नव्हते.

इंदूमावशींनी बरणी आपल्याकडे ओढली. तांब्यातले थोडे पाणी आत ओतले, तळवा तोंडावर धरून ती हलक्या हाताने विसळली, आणि पाणी पेल्यात ओतून मृदुलापुढे धरले.

“हे वाढणारीचं. घे, बाळ. वाया नाही घालवायचं.”

फिकट सोनेरी पाणी होते ते. आंबटसर, गोडसर, उन्हासारखे पातळ. ती प्याली, थांबली, पुन्हा प्याली. पेल्याच्या शेवटी केशराची एक काडी ओठाशी आली, आपला सगळा रंग केव्हाच पाकाला देऊन बसलेली. ती काडी जिभेवर धरून, न चावता, न गिळता, मृदुला त्या बायकांच्या गोलात आईच्या खुर्चीवर बसली. आणि मिटल्या ओठांआड, अगदी सावकाश, ती काडी विरत गेली.