कवचाआतली ये-जा

रहिमतपूरच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच भाऊसोंची हॅचरी. पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर त्यांनी उसाच्या कडेला शेड मारली, मशिनं बसवली आणि अंडी उबवून पिल्लं विकायला लागले. त्यांची भाची अंकिता कराडच्या एका कॉलेजात संशोधन करायची. तिला लागतील तेवढी पिल्लू धरलेली अंडी भाऊसो स्वतः जीपमधून पोचवायचे. कशाला लागतात, हे कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ट्रे ठेवून वळताना त्यांची नजर काचेच्या एका बशीत गेली. फोडलेल्या अंड्यातलं पिल्लू. पिसं नाहीत, चोच नावापुरती. पण डोळे मात्र काळेभोर, सगळं डोकं व्यापून उरलेले.

मशिनात मेलेली पिल्लं भाऊसोंनी पाट्या भरभरून फेकली होती. पण हे मुद्दाम मोडलेलं होतं.

"अंकिता, हे काय गं?"

"डोळ्याची नस बघते मामा. डोळ्यापासून मेंदूपर्यंत ती कशी कामाला लागते, ते."

"त्यापायी जीव घेतीस?"

अंकिता मान खाली घालून म्हणाली, "व्हय मामा. घ्यावा लागतो."

"मग आजपासनं माझं अंडं न्हाई मिळायचं." भाऊसोंनी जीपची किल्ली काढली.

ती विनवण्या करत बसली नाही. "नका देऊ. पण आलायसा तर एकदा बघून जा. याच्यानंतर मी मागणार नाही."

तिनं त्याच पिल्लाचा डोळा नसेसकट अलगद सोडवून कोमट पाण्यासारख्या द्रवात ठेवला होता. डोळ्यात चकाकणारा रंग घातलेला. तिनं खोलीतले दिवे मालवले, बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पडद्याकडं बोट केलं.

काळ्या पडद्यावर बारीक, लांब धागे दिसत होते. भाऊसोंना आधी काहीच कळेना. मग धाग्यावरचा एक ठिपका हलला. थांबला. पुन्हा हलला. त्याच्यामागून दुसरा. बघता बघता सगळेच धागे जिते झाले. उजेडाचे कण एकामागोमाग एक, धाग्यावरून सरकत निघाले होते.

"हे... कोण चालवतंय?"

"कोणी नाही. डोळ्यातल्या पेशीत माल तयार होतो आणि तो धाग्याच्या पार टोकाला, मेंदूत जाऊन पडतो. तो पोचला तरच धागा जगतो."

"पर ह्यानं अजून काय बघितलंच न्हाई. अंड्यात अंधार. मग माल कशाचा?"

"दिसायचं काम पुढं. आधी वाट उभी राहते मामा. उजेड यायच्या कितीतरी आधी ही ये-जा सुरू झालेली असते."

भाऊसो खुर्चीत बसले. किल्ली मुठीतच राहिली.

अंकितानं दुसरी बशी लावली. ही उबून बाहेर पडायच्या बेतातल्या पिल्लाची. तिथं कण अडखळत नव्हते, झपाझप धावत होते. आधीच्या पिल्लात जे रांगत होतं, ते इथं पळायला लागलं होतं. "सुरुवातीला मला वाटलं, लहान अंड्यांत माझं काहीतरी चुकतंय," अंकिता म्हणाली. "डोळ्यात घातलेला रंग मेंदूत सापडायचाच नाही. मग जास्त वेळ थांबून बघितलं, तर पोचलेला! वाट कोवळी होती, म्हणून सावकाश."

तेवढ्यात भाऊसो पुढं वाकले. "आगं, ह्यो उलटा चाललाय!"

एक कण खरोखरच माघारी येत होता.

"व्हय. तिकडून निरोप येतो, पोचलो म्हणून. ज्या पेशीला तो मिळत नाही, ती मरते. कितीतरी मरतात."

भाऊसोंना मुलगा आठवला. त्यांचा ऋषिराज सरहद्दीवर होता. रजा संपवून गेला की पोचल्याचा फोन येईस्तोवर त्याच्या आईच्या, बनुबाईच्या घशाखाली घास उतरत नसे. भाऊसो तो उलटा कण पडद्याच्या कडेला जाईपर्यंत बघत राहिले. मग दुसरा आला. मग आणखी एक. इतकी वर्षं ते पिल्लं विकत आले होते आणि प्रत्येकाच्या कपाळामागं हे एवढं चाललेलं होतं.

दिवे लागले तेव्हा बाहेर उन्हं उतरली होती. दोघांचंही जेवण राहिलं होतं.

"वाईट वाटतं का गं तुला? फोडताना?"

"रोज वाटतं," अंकिता म्हणाली. "म्हणून लागेल त्याच्यावर एकसुद्धा फोडत नाही."

भाऊसो किल्ली घेऊन उठले. दाराशी थांबून म्हणाले, "सोमवारी ट्रे आणतो. लागतील तेवढीच घे."

जीपपाशी येऊन त्यांनी बनुबाईला फोन लावला.

"आवं, कुठं हायसा? जेवला का?"

"न्हाई. आगं, आज एक बघितलं..." ते थांबले. समोर हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते.

"काय बघितलं?"

"सांगता येईना. तूच चल एकदा. माझ्या तोंडानं न्हाई व्हायचं ते."