झिपरीची शिकवणी

लखीरामनं खांद्यावरचं सांबरशिंग अंगणात धाडकन टाकलं, मिशीवर हात फिरवला आणि हिरीबाईला हाक मारली. ती भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी बाहेर आली. पायाच्या अंगठ्यानं तिनं ते उलटवलं.

"धावड्याची फांदी हाय," ती म्हणाली. "चुलीले कामात येईन."

लखीरामनं मिशीवरचा हात खाली घेतला. धनज गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या तांड्यात सांबरशिंग म्हटलं की तीस वर्षं त्याचंच नाव निघायचं. पळसाची फुलं गळायला लागली की सांबरं आपली शिंगं टाकतात, आणि लखीराम सकाळी जंगलात शिरून दुपारपर्यंत दोन-तीन शिंगं तरी घेऊन यायचा. कामरगावच्या बाजारात लोहार ती सुरीच्या मुठींसाठी घ्यायचे, वैदू उगाळून छातीला लावायला घ्यायचे. पण गेल्या दोन उन्हाळ्यांपासून त्याच्या डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं होतं. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. हिरीबाईला मात्र ठाऊक होतं, कारण आदल्याच आठवड्यात त्यानं गोठ्याच्या खांबाला वाकून रामराम घातला होता आणि तो उत्तर देत नाही म्हणून रागावलाही होता.

त्या दिवशी भाकरी खाऊन तो उठला तो थेट सोमलाच्या झोपडीकडे. सोमलाच्या कुत्रीची पिल्लं चार महिन्यांची झाली होती. धडधाकट पिल्लं लोकांनी केव्हाच नेली होती; उरली होती ती एकच, कानापासून नाकापर्यंत नुसत्या झिपऱ्या लोंबणारी. लखीरामनं तिला बगलेत मारलं आणि घरी आणलं.

हिरीबाईनं कपाळावर हात मारला. "घरात एकाले दिसत नाई, तर दुसरी आणली तिचेबी डोळे झाकेलच!"

"मले तिचे डोळे नाई पाह्यजेत," लखीराम म्हणाला. "नाक पाह्यजे. शिंगं हुडकायले शिकवतो तिले."

"अवो, सांबराचं टाकेल शिंग म्हंजे वाळेल हाड. त्याले कायचा वास?"

"तुले येत नाई म्हणून तिलेबी येणार नाई काय?"

झिपरीची शिकवणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. घरात एकच शिंग होतं, वीतभर, हिरीबाई गुडघा दुखला की उगाळून लावायची ते. लखीरामनं ते झिपरीच्या नाकापुढे धरलं. झिपरीनं तोंड फिरवलं आणि एक माशी पकडायचा प्रयत्न केला. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी लखीरामला युक्ती सुचली. त्यानं शिंगाला तूप चोळलं.

आता झिपरीचं मन अभ्यासात रमलं. कडब्यात लपवा, शेणींच्या ढिगात लपवा, "हुडक!" म्हटलं की ती शेपटीचा झेंडा करून सुटायची आणि शिंग तोंडात घेऊन यायची. आठ दिवसांत लखीरामची छाती फुगली. त्यानं सोमलाला मुद्दाम बोलावून आणलं, शिंग बोरीच्या झुडपात लपवलं, आणि शाळामास्तरासारखा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हुडक!"

झिपरी बोरीच्या झुडपावरून उडी मारून पुढे गेली. तीन झोपड्या ओलांडून भुरीबाईच्या दारात शिरली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, झिपरीच्या सात पिढ्यांना पुरेल एवढी भुरीबाईची शिवीगाळ आली, आणि मागोमाग झिपरी आली. तोंडात तुपाची पळी होती.

सोमलानं पळी हातात घेऊन सगळीकडून न्याहाळली. "लखीराम," तो गंभीरपणे म्हणाला, "हे सांबर कोन्या जंगलातलं हाय बा?"

हसणं सगळ्या तांड्यात पसरायला वेळ लागला नाही. पुढचे चार दिवस लखीराम दिसला की लोक एकमेकांना तूप सांभाळायला सांगत. लखीराम झोपडीत बसून विचार करत राहिला. चूक पोरीची नाही, मास्तराची आहे, हे त्याला पटलं. तुपाचा वास शिकवला तर ती तूपच आणणार. आणि नुसतं तूपच नाही, त्या शिंगाला हिरीबाईच्या हाताचा वास, गुडघ्याच्या तेलाचा वास, घरातल्या धुराचा वास. त्यात सांबर कुठं राहिलं असेल?

त्यानं चुलीवर मडकं ठेवलं आणि शिंग राखेच्या पाण्यात उकळायला घातलं.

हिरीबाई पाणी भरून आली. तिनं मडक्यात डोकावून पाहिलं. "माह्या आंबिलीचं मडकं!" ती ओरडली. "आता यात आंबील शिजवू का सांबर?"

"चार दिवस कळ काढ," लखीराम म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की हिरीबाई दुसरं मडकं शोधायला गेली.

उकळलेलं शिंग त्यानं रानातल्या पाचोळ्यात दोन दिवस पुरून ठेवलं. त्यानंतर ते कधी उघड्या हातानं धरलं नाही. पळसाच्या पानात धरूनच लपवायचा. शिंग सापडलं की गुळाचा खडा, दुसरं काही आणलं तर पाठ फिरवायची. झिपरी पहिल्यांदा गोंधळली. तिनं चप्पल आणली, पोतेरं आणलं, एकदा जिवंत कोंबडी आणली. लखीराम दर वेळी पाठ फिरवून उभा राहायचा. पंधरवड्यानंतर एके सकाळी तिनं नुसतंच जमिनीला नाक लावून अर्धं शेत पालथं घातलं आणि बांधाच्या दगडाखालून नेमकं शिंग ओढून काढलं. त्या दिवशी लखीरामनं तिला एवढा गूळ चारला की तिचं पोट बिघडलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं न सांगता सोमलाची सुरी आणली. सोमला भांडायला आला. लखीरामनं सुरी चाचपली आणि त्याचा चेहरा उजळला. "मूठ पाह्य बे! सांबरशिंगाची हाय!"

सुरीपर्यंत ठीक होतं. पण त्याच आठवड्यात गावात उकंडराव पाटलांच्या घरी लेकीच्या लग्नासाठी चुना लावायचं काम निघालं. पाटलांच्या ओसरीवर बारा वर्षांपासून सांबरशिंगांची जोडी टांगलेली होती. ते सांबर आपण एका गोळीत कसं पाडलं, हे पाटील आल्यागेल्याला सांगत. चुना लावायचा म्हणून गड्यानं जोडी उतरवून अंगणात ठेवली. आणि झिपरीला वास लागला.

दुपारी ती तांड्यात आली ती मागे मागे सरकत, आपल्यापेक्षा लांब शिंग फरफटत. लखीरामनं शिंगावर हात ठेवला आणि त्याला घाम फुटला. एवढं मोठं शिंग तिनं रानातून आणलं असतं तर त्यानं नाच केला असता. पण त्याला चुन्याचे थेंब लागले होते.

तो परत द्यायला निघणार, तोच उकंडराव स्वतः आले. मागे गडी, गड्याच्या हातात दुसरं शिंग. पाटील तडक तांड्याचा प्रमुख असलेल्या दौलतसिंग नाईकाच्या अंगणात गेले. अख्खा तांडा गोळा झाला.

"नाईक, चोर कुत्री पोसता काय तुमी?" पाटील गरजले. "माह्या शिकारीचं शिंग पळवलं! आज तिले गोळीच घालतो!"

झिपरी लखीरामच्या पायांत शेपटी हलवत उभी होती. ती गुळाची वाट पाहत होती. लखीरामनं नुसतंच हातातलं शिंग चोळलं. आणि बोटं बुडाशी गेली तशी थांबली. त्यानं गड्याकडून दुसरं शिंग मागून घेतलं. तेही चाचपलं. एकदा, दोनदा.

"मालक," तो हळूच म्हणाला, "कसं पाडलं होतं हे जनावर?"

सवाल आवडीचा होता. राग विसरून पाटील सांगू लागले. पहाटेची वेळ, नाल्याच्या काठावर सांबर, त्यानं मान वर केली आणि नेमकी त्याच क्षणी गोळी. "तडफडलंबी नाई," पाटील म्हणाले.

"मोठी शिकार," लखीराम म्हणाला, आणि पाटलांच्या जवळ जाऊन कानाशी लागला. "मालक, मले आता दिसत नाई, पन बोटं शाबूत हायत. मारेल जनावराच्या शिंगाले कवटीचं हाड राह्यते. ह्या दोनीचं बूड गोल हाय. गळेल शिंगं हायत हे. एकाले तर सायाळीनं कुरतडलं हाय. सायाळ काय जित्या सांबराच्या डोक्यावर चढली होती?"

पाटलांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "बाजारातून घेतली होती," ते पुटपुटले. "कोनाले बोलू नोको."

"नाई बोलत. पन आनखी एक हाय मालक."

"आनखी काय?"

"दोनी डावीच हायत."

पाटलांनी एक शिंग घेतलं, दुसरं घेतलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना धरून पाहिलं. बारा वर्षं शेकडो माणसांनी ती जोडी पाहिली होती. तांडा श्वास रोखून पाहत होता आणि डोक्यावर शिंगं धरलेले पाटील जागच्या जागी उभे होते. सोमलाला हसू आवरेना. तो खोकत खोकत झोपडीमागे गेला.

"मुकं जनावर हाय," शेवटी पाटील मोठ्यानं म्हणाले. "त्याले काय समजते! जाऊ द्या." मग आवाज खाली आणून, "लखीराम, लग्नाले आठ दिवस हायत. एखादं उजवं भेटन काय?"

लखीराम झिपरीला घेऊन जंगलात शिरला. पहिले चार दिवस ते रिकाम्या हातांनी परत आले. पाचव्या दिवशी बांबूच्या एका बेटाशी झिपरी आत घुसली आणि बाहेर येईना. लखीराम गुडघ्यांवर रांगत गेला. पाचोळ्यात तिच्या पुढच्या पायांमध्ये शिंग होतं. त्यानं बुडापासून टोकापर्यंत बोटं फिरवली. उजवं! आकारानं जरा लहान, पण उजवं. तिथंच पाचोळ्यात बसून त्यानं झिपरीच्या झिपऱ्या बाजूला केल्या आणि पहिल्यांदाच तिचे डोळे पाहिले. मग खिशातला सगळा गूळ तिच्यापुढे ओतला.

लग्नाच्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर नवी जोडी लटकत होती. एक शिंग दोन हात लांब, दुसरं त्याच्या पाऊणपट. कुण्या पाहुण्यानं विचारलंच, की हे असं लहानमोठं कसं?

"लहानपनी लढाईत मोडलं होतं त्याचं ते," उकंडराव म्हणाले. "मंग वाढलंच नाई. म्हणून तर ओळखू आलं मले दुरून. इचारा लखीरामले."

पंगतीत पाटलांच्या शेजारी बसलेल्या लखीरामनं बुंदीचा घास तोंडात कोंबला आणि जोरजोरात मान हलवली.